माझी डावीकडे जाणारी गाडी

माझ्या नातवंडांनो,

मागच्या रविवारी फोनवर थोरल्याने सांगितलं की त्याने घेतलेल्या जुन्या गाडीला तो नव्या स्प्रिंगा आणि नवे शॉक अॅब्सॉर्बर स्वतःच्या हाताने बसवणार आहे. मग त्याने विचारलं, "आजी, तुझ्या गाडीचं काम करणारा तो विचित्र माणूस कोण होता? बाबा म्हणतात, त्याने तुला दोन तास गाडीत कोंडून ठेवलं होतं." धाकटी मागून हसत होती. फोनवर सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती, म्हणून लिहून पाठवते असं मी म्हटलं. स्प्रिंगा बसवायच्या आधी हे वाच. आणि कोंडून ठेवलं नव्हतं. बसवून ठेवलं होतं.

तुम्हाला मी नेहमी इंग्रजीतच पत्र लिहिते. हे मराठीत लिहिते आहे, कारण गाडीचं काम करणाऱ्या त्या मिस्त्रींचं बोलणं इंग्रजीत नेऊन पाहिलं तर तो माणूस तिथे उरतच नाही. अडेल तिथे बाबांकडून वाचून घ्या. आणखी एक आधीच सांगते. आयुष्यभर मी पॅथॉलॉजी लॅब चालवली. कारण आणि परिणाम वेगळे मांडून दाखवायची मला सवय आहे. या गोष्टीत मला ते जमलेलं नाही. मी दोनदा टिपण काढलं आणि दोन्ही वेळा फाडलं.

मिस्त्रींची शेड नगरला लागून असलेल्या भिंगारला, जुन्या बाजाराच्या मागच्या बाजूला होती. लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये ते साधे नागरी फिटर म्हणून नोकरीला होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराशेजारी पत्रे टाकले, जमिनीत एक लांब खड्डा खणून घेतला आणि काम सुरू केलं. पाटी लावली नाही. आतल्या भिंतीला एका फळीवर बुद्धाची हातभर उंचीची मूर्ती होती. सकाळी वंदना झाल्याशिवाय पान्याला हात लागत नसे. मूर्तीमुळे सगळ्यांनी चपला बाहेर काढायच्या. गॅरेजमध्ये अनवाणी जायचं म्हणजे पायाला ग्रीस लागणार, असं मला वाटलं होतं. पण ती फरशी माझ्या लॅबच्या फरशीपेक्षा स्वच्छ होती, हे मला कबूल करावं लागतं.

गिऱ्हाईक आत गेलं की मिस्त्री बाहेर येत, उकिडवे बसत आणि त्याच्या चपला उलट्या करून उन्हात धरत. "गाडीचं टायर मागनं," ते म्हणत, "आधी मालकाचं टायर." टाच कुठल्या बाजूने झिजली आहे, अंगठ्याखाली खड्डा किती आहे, हे ते बोट फिरवून बघत. आपल्याकडे चप्पल उलटी पडली की घरात भांडण होतं म्हणतात. एकदा माझ्यासमोर एका ठेकेदाराने हे पाहिलं.

"ओ मिस्त्री, आमच्या घरात भांडनं लावता का?"

"ती लागल्यालीच हायेत. उजवी टाच बघा, भायेरनं कशी खाल्लीय. कंबर दुखती, खरं का न्हाई? आन गाडीची उजवी शीट बसलीय. बसतानाच तुमी धपकन बसता."

"मी गाडी दाखवायला आलोय. कुंडली न्हाई."

ठेकेदार चपला घालून गेला. चौथ्या दिवशी त्याच गाडीतून परत आला, आणि आत जाताना त्याने चपला स्वतःच उलट्या करून ठेवल्या.

हे चपलेचं शास्त्र खरं होतं का? मला माहीत नाही. मी ओळखीच्या काही जणांवर ते ताडून पाहिलं. कधी जुळलं, कधी अजिबात नाही. मिस्त्रींना तसं सांगितल्यावर ते म्हणाले, "मग त्यांनी चपला बदलल्या आसतील."

चाकं एकमेकांना समांतर आहेत की नाही, हे ते दोरीने बघत. गाडीच्या दोन्ही बाजूंनी दोऱ्या ताणायच्या आणि चाकाच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर पोलादी पट्टीने मोजायचं. ते झालं की गिऱ्हाइकाला कॉम्प्युटरवर चाकं मोजणाऱ्या दुकानात पाठवत, "आता जा कॉम्प्युटरवर, छापून आना." कॉम्प्युटरचा कागद बरोबर आला तर मान हलवत. चुकीचा आला तर म्हणत, "मशीनला कळत न्हाई." मी एकदा विचारलं, मशीनवर विश्वास नाही तर पाठवता कशाला? त्यावर त्यांचं उत्तर: "त्यांनाबी काम पायजे ना, बाई."

आता माझ्या गाडीकडे येते.

तुमचे आजोबा गेल्यानंतर मी दर शनिवारी एकटी गाडी चालवत नगर जिल्ह्यातल्याच कर्जतजवळच्या गावी ताईकडे जाऊ लागले. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, तुम्ही तिला लहानपणी एकदाच पाहिलं आहे. तिची दृष्टी गेली त्याला बरीच वर्षं झाली. शेजारीण स्वयंपाक करून देते, पण तिची नखं कापणं, केस धुणं, आलेली पत्रं आणि वर्तमानपत्र वाचून दाखवणं हे शनिवारी मी करते. तिच्याकडचं बोअरचं पाणी खारं आहे, म्हणून डिकीत पिण्याच्या पाण्याचे दोन मोठे जार असतात. माझा उजवा खुबा दुखतो. एसटीची पायरी मला चढवत नाही. ड्रायव्हर ठेवून पाहिला, तो दहा मिनिटांनी हॉर्न वाजवायचा आणि ताई घाबरायची. म्हणजे मी गाडी चालवली तर शनिवार, नाहीतर नाही, असं ते होतं.

रस्त्यावरच्या गतिरोधकांना गाडीचं पोट घासायचं. बाबांनी तिकडून चौकशी करून नगरच्या एका मोठ्या दुकानात उंच, कडक स्प्रिंगा आणि नवे शॉक अॅब्सॉर्बर बसवायची व्यवस्था केली. कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडात नगरच. अर्ध्या दिवसात काम झालं. कॉम्प्युटरवर अलाइनमेंट झाली, कागद मिळाला, सगळे आकडे हिरवे. तो कागद मी फायलीत लावला.

त्या दिवसापासून गाडी डावीकडे जाऊ लागली.

थोडीच जायची. पण फाटकाचा खांब घासला. मग दूधवाल्याची दाराशी उभी केलेली पाटी पडली. तिसऱ्या वेळी रस्त्याकडेला सायकल धरून उभा असलेला एक म्हातारा माणूस उडी मारून बाजूला झाला. मी थांबून माफी मागितली. तो फक्त माझ्याकडे बघत राहिला. त्या दिवशी ताईला वर्तमानपत्र वाचून दाखवताना मी एकच बातमी दोनदा वाचली.

दुकानात मी तीनदा गेले. तिन्ही वेळा हिरवा कागद. तिसऱ्या वेळी काउंटरवरचा मुलगा फार गोड आवाजात म्हणाला, "काकू, गाडी एकदम ओके आहे. वयानं होतं कधी कधी." तुमच्या बाबांनी फोनवर तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं: "आई, दिवाळीपर्यंत गाडी विकून टाक." मला राग आला, आणि रागाच्या खाली भीती होती. रिपोर्ट नॉर्मल आहे, असं मी हजारो माणसांना सांगितलं आहे. काहीतरी होतंय हो, असं म्हणत ती माणसं जिना उतरून जायची. आता त्या जिन्यावर मी होते. आणि ते म्हणतात तसं माझेच हात डावीकडे जात असले तर? ते मला आतून कसं कळणार?

मी ठरवलं, आणखी एकच मत घ्यायचं, मिस्त्रींचं. तो माणूस "हात तुमचे" म्हणाला, तर गाडी विकायची.

मिस्त्रींकडे जायच्या आदल्या दिवशी मी गाडी धुतली, डिकी रिकामी केली, सीटवरच्या उशा काढल्या. डॉक्टरकडे जाताना आपण धुतलेले कपडे घालतो, तसं. मिस्त्रींनी डिकी उघडली, आत डोकावले आणि बंद केली.

"ही कुनाची गाडी?"

"माझी."

"न्हाई. पावने येनार म्हनून घर आवरल्यागत आवरून आनलीय. रोज आसती तशी घेऊन या."

"काय काय असतं ते सांगू का? यादी आहे माझ्याकडे."

"यादीचं वजन किती भरतं?"

मी परत गेले. दुसऱ्या दिवशी भरलेले दोन जार, उशा, ताईच्या औषधांची पिशवी, वर्तमानपत्रांचा गठ्ठा, सगळं घेऊन आले. माझी चप्पल त्यांनी फार वेळ बघितली. मला काही सांगितलं नाही. मग मला ड्रायव्हरच्या जागी बसायला सांगितलं, समोर स्टूल टाकलं आणि काचेतून माझ्याकडे बघत बसले.

"कोनत्या कुशीवर झोपता?"

"डाव्या. उजवा खुबा दुखतो."

"आन बसता डाव्या कुल्ल्यावर."

माझ्याशी असं कोणी बोलत नाही.

थोरल्या, आता हे तुझ्यासाठी. गाडी उचलून धरली की चाकं खाली लोंबतात. चाकाच्या दांड्यांच्या सांध्यात रबराचे बुश असतात. तशा लोंबत्या अवस्थेत बोल्ट आवळले, तर रबर त्या जागी धरलं जातं. गाडी जमिनीवर आली की ते पिळवटतं आणि पिळलेलंच राहतं. मिस्त्रींच्या मते दुकानाने तेच केलं होतं. "लटकत्या गाडीचा बोल्ट आवळायचा न्हाई," हे त्यांचं वाक्य. त्यांनी सगळे बोल्ट सैल केले. गाडी खड्ड्यावर, स्वतःच्या चार चाकांवर उभी केली. मी, पाण्याचे जार, औषधं, सगळं जागच्या जागी. मग ते खड्ड्यात उतरले.

"हलू नका, बाई."

"किती वेळ?"

"श्वास घ्या. पर हलू नका."

पावणेदोन तास. मध्ये एकदा मी पाय लांब केला, तर खालून आवाज आला, "कोन नाचतंय?" त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या आणि खिडकीतून कप देत म्हणाल्या, "मलाबी आसंच बसवलं हुतं, लग्नानंतर म्हैन्यानं. सायबाची जीप हुती, सायब काय ईना. मला म्हनले, तुझं वजन सायबाएवढं हाय." खालून मिस्त्री म्हणाले, "तवा हुतं."

बाहेर आल्यावर त्यांनी दोऱ्या लावल्या, स्टीअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्या थोड्या फिरवल्या. पाचशे किलोमीटर चालवून या, म्हणाले. "नवी स्प्रिंग हाय, बसाया टाइम लागतो. सून न्हाई का घरात बसत हळूहळू."

"मला तीन वर्षं लागली होती," मी म्हटलं.

"मग हजार चालवा."

गाडी बरीच सुधारली. डावीकडे जाणं कमी झालं, पण गेलं नाही. हजाराची वाट न बघता पाचशे किलोमीटर झाल्यावर मी परत गेले आणि सरळ विचारलं, "मिस्त्री, गाडी वाकडी होती की मी?"

"गाडी हुती. तुमीबी हुता."

"किती गाडी, किती मी?"

"आता कसं सांगू? दोन्ही येकदमच सरळ केलं."

मला त्यांचा इतका राग आला होता, की आजही लिहिताना थोडा येतो. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी माझ्या मुलींना, म्हणजे लॅबमधल्या मुलींना, पहिल्या दिवशी शिकवत असे. मिस्त्रींनी बुश सोडले, वजन बदललं, आणि वर माझ्या तिरप्या बसण्यासाठी स्टीअरिंगही थोडं फिरवून बसवलं, तेही मला न सांगता, हे मला चालवताना कळलं. आता काय कशामुळे झालं, हे जगात कोणालाही कळणार नव्हतं.

मिस्त्री म्हणाले, "चला, उरलंय किती ते बघू."

बाजारतळाची जागा त्या दिवशी मोकळी होती. त्यांनी दोरी ताणली आणि कबड्डीच्या मैदानावर आखतात तशी फक्कीची पांढरी रेघ शंभर पावलं आखली. उजवं चाक रेघेवर ठेवून समोर बघत जायचं, खाली बघायचं नाही. मी गेले. उतरून पाहिलं तर साठ पावलांपर्यंत चाकाचा माग रेघेवर होता, पुढे तो डावीकडे गेला होता. शेवटी वीतभर अंतर.

मग ते स्वतः बसले. त्यांचा माग वीतभर उजवीकडे गेला.

मी गोंधळून दोन्ही माग बघत उभी राहिले. मिस्त्री म्हणाले, "माझा उजवीकडं जानारच. ही गाडी तुमच्या बसन्यावर लावलीय, माझ्या न्हाई. पर तुमचा डावीकडं का जातोय?" त्यांनी माझा माग पुन्हा टोकापर्यंत चालत पाहिला. मग म्हणाले, "बाई, उरलेलं तुमच्यातलं हाय. ते मला आवळता येत न्हाई. डोळं कवा दाखवलं?"

चार वर्षं झाली होती. लोकांना दर वर्षी तपासण्या करा म्हणून सांगणारी मी. मी ते त्यांना सांगितलं.

त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं काहीतरी दाखवताहेत. "चावी," ते म्हणाले. "डोळं दाखवून या, मग न्या."

"गाडी माझी आहे, मिस्त्री."

"व्हय. रस्ता न्हाई तुमचा."

मी चावी दिली. त्या सायकलवाल्या म्हाताऱ्याबद्दल मी त्यांना कधीच काही बोलले नव्हते. रिक्षाने घरी येताना मला वाटलं, झालं. ताईला फोन करून काय सांगायचं, त्याची वाक्यं जुळवत होते. शनिवारी सकाळी फाटकाशी हॉर्न वाजला. माझी गाडी, आणि चालवणारे मिस्त्री, स्वच्छ पांढऱ्या सदऱ्यात. "चला कर्जतला. ताई वाट बघत आसतील." त्यांना शनिवारबद्दल कसं कळलं? औषधांच्या पिशवीवर ताईचं नाव, गाव आणि 'शनिवार' असं मीच लिहिलेलं होतं.

डोळ्यांची तपासणी, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, शस्त्रक्रिया, मग आराम, हे सगळं होईपर्यंत ते पाच शनिवार आले. सगळ्या वाटेने कुरकुर करायचे, स्टीअरिंग वाकडं आहे म्हणून. "कुनी बसवलंय हे?" मी खिडकीबाहेर बघायची. पेट्रोल मला भरू दिलं, बाकी काही देऊ दिलं नाही. ताईकडे ते ओसरीत बसत आणि मी वर्तमानपत्र वाचत असताना, आम्हाला काही न विचारता, बातम्यांवर मत देत. ताईला ते फार आवडले. पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्या चपला उलटून पाहिल्या होत्या.

"ताई, तुमच्या चपला चारी बाजूंनी सारख्या झिजल्यात. आसं मी बघितलं न्हाई कधी. कशा काय?"

"मला दिसत नाही ना," ताई म्हणाली, "म्हणून मी पायांकडे लक्ष देऊन चालते."

मिस्त्रींनी त्या चपला जोडीने नीट लावून ठेवल्या. परतीच्या वाटेवर मांडवगणच्या पुढे कधीतरी म्हणाले, "लई मोठी बाई हाय."

डोळ्यांच्या डॉक्टरांना मी विचारलं होतं की गाडी डावीकडे जाण्याचं कारण हाच मोतीबिंदू का. उजव्या डोळ्याला समोरून येणाऱ्या गाड्यांची चकाकी सहन होत नसेल, तर माणूस नकळत डावीकडे सरकू शकतो, असं ते म्हणाले. मग म्हणाले, पण तुमचा मोतीबिंदू फार पिकलेला नव्हता, खात्रीने सांगता येणार नाही. तेव्हा तोही रिपोर्ट तसाच राहिला.

सहाव्या आठवड्यात मिस्त्रींनी पुन्हा रेघ आखली. मी गेले. शंभर पावलं. उतरून मागे चालत आले, आणि माग शोधू लागले तर दिसेना, कारण तो अख्खा पांढऱ्या रेघेतच होता. मिस्त्रींनी ती रेघ वाकून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश पाहिली. मग खिशातून चावी काढून दिली.

"आता तरी सांगा," मी म्हटलं. "किती गाडी, किती खुबा, किती डोळा?"

"सरळ झालं ना?"

"झालं. पण कशाने?"

"बाई," ते म्हणाले, "तुमी लई वाकडं इचारता." आणि दोरी गुंडाळू लागले.

पुढच्या वर्षी तुमचे बाबा आले तेव्हा त्यांनी गाडी चालवून पाहिली आणि म्हणाले, "आई, हिचं स्टीअरिंग वाकडं आहे. दुकानातून नीट करून घेऊ." मी नको म्हटलं. त्यांनी कारण विचारलं. मी सांगू लागले, पण तिसऱ्या वाक्यात अडकले. अजून मला ते कारण नीट मांडता येत नाही. पण गाडी विकायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

मिस्त्री गेल्या वर्षी गेले. झोपेत गेले, असं त्यांच्या पत्नीने सांगितलं. मी भेटायला गेले तेव्हा शेड बंद होती, खड्ड्यावर फळ्या टाकल्या होत्या. अवजारं पत्नीने वर्कशॉपमधल्या जुन्या सोबत्यांना वाटून टाकली होती. कुठे काही लिहून ठेवलेलं नव्हतं. मी विचारलं होतं, कारण मला वाटलं निदान माझ्या गाडीची मापं तरी असतील.

थोरल्या, गाडी जमिनीवर टेकल्याशिवाय बोल्ट आवळू नकोस, आणि तू आणि तुझं रोजचं सामान गाडीत असू दे. आवळायला दुसऱ्या कोणाला तरी बोलाव. एवढंच मला खात्रीने सांगता येतं.

गाडी चालू आहे. सरळ रस्त्यावर तिचं स्टीअरिंग दोन बोटं डावीकडे असतं. काल शनिवार होता, मी ताईकडे जाऊन आले.

तुमची आजी